व्हॉल्व्हच्या भोकाशेजारचा ठसा

गेल्या अंकात मी जाता जाता एक वाक्य टाकलं होतं. जुन्या अमेरिकन मसल कारची, म्हणजे साठ-सत्तरच्या दशकांतल्या दणकट इंजिनाच्या गाडीची, चाकं ‘ओरिजिनल’ आहेत असं कुणी सांगितलं, तर आधी चाकाची टोपी काढायला लावा, नाहीतर तो तुम्हाला टोपी घालेल. त्या एका वाक्यावर एवढी पत्रं आली, की या वेळी गिअरबॉक्सचे प्रश्न बाजूला ठेवतो. मी मिशिगनमधल्या लॅन्सिंगजवळच्या एका प्रेस शॉपमध्ये तपासनीस म्हणून उभा जन्म काढला. चाकाच्या दर्शनी बाजूपेक्षा त्याचे ठसे आणि भोकं बघायची खोड तेव्हापासूनची.

काका, नमस्कार. मी २६ वर्षांचा आहे. १९६९ची शेवरले कॅमारो घ्यायचं चाललंय. विकणारा म्हणतो, गाडी झेड/२८, म्हणजे कॅमारोचं जास्त ताकदीचं, महाग मॉडेल आहे आणि रॅली चाकं कारखान्यातूनच आलेली आहेत. तुमचं वाचून चाकांच्या काठावरच्या चकचकीत ट्रिम रिंगा काढल्या. पुढच्या दोन्ही चाकांवर व्हॉल्व्हच्या भोकाशेजारी ‘वाय एच’ असा ठसा आहे, मागच्या दोन्हींवर ‘ए झेड’. शेजारी आकडेही आहेत, फोटो पाठवतोय. काऊल टॅगवर, म्हणजे बॉनेटखाली मागे लावलेल्या कारखान्याच्या पट्टीवर, ‘०४बी’ लिहिलंय. गाडी घेऊ का?
— एडिसन, न्यू जर्सी

ट्रिम रिंगा काढल्यास, निम्मं काम झालं. लोक चकाकी बघून चेक फाडतात.

‘वाय एच’ म्हणजे १५ बाय ७ इंचांचं रॅली चाक. १९६९च्या झेड/२८ला तेच शोभतं. त्याआधीच्या दोन वर्षांच्या झेड/२८ची चाकं ६ इंच रुंदीची होती. ‘ए झेड’ मात्र कॉर्व्हेटचं चाक आहे, १५ बाय ८, १९६९पासून १९८२पर्यंत चाललेलं. नटांची भोकं ज्या वर्तुळावर असतात ते दोन्हींचं सारखं असल्यामुळे ते कॅमारोवर बिनतक्रार चढतं. मागे रुंद टायर हवा म्हणून लोकांनी ही अदलाबदल सर्रास केली. तेव्हा तुझ्या गाडीची मागची चाकं शेवरलेचीच, अस्सल, पण या गाडीची नव्हेत. विकणारा खोटं बोलला असंही म्हणता येणार नाही. त्याने ‘कारखान्यातली’ म्हटलं, कुठल्या गाडीबरोबर आली ते तू विचारलं नाहीस.

आता आकडे. डाव्या पुढच्या चाकावर तू वाचलंस ते ‘के १ ९ ३ ११’. ‘के’ म्हणजे केल्सी-हेज, चाक बनवणारी कंपनी. १ म्हणजे शेवरलेसाठी. ९ हा वर्षाचा शेवटचा आकडा, १९६९. मग महिना आणि तारीख, ११ मार्च. काऊल टॅगवरचं ‘०४बी’ म्हणजे एप्रिलचा दुसरा आठवडा. चाक मार्चमध्ये दाबलं, गाडी एप्रिलमध्ये जोडली. जुळतंय. चाक गाडीच्या आधी काही आठवडे, कधी दोन-तीन महिने आधी तयार झालेलं असतं.

उजव्या पुढच्या चाकावर आहे ‘के १ ९ ६ ३’, म्हणजे ३ जून. पोराचं बारसं एप्रिलमध्ये झालं आणि बारशाला आलेला पाहुणा जूनमध्ये जन्मला! हे चाक नंतर कुणीतरी बसवलंय. टाकाऊ नाही हं ते. दुसऱ्या पिढीच्या कॅमारोला उशीर झाल्यामुळे १९६९चं मॉडेल नोव्हेंबरपर्यंत बनत राहिलं. उन्हाळ्यात बनलेली कॅमारो असलेला कुणीतरी नेमकं असंच चाक शोधत असेल.

म्हणजे चारांतलं एक चाक मूळचं असू शकतं. ‘असू शकतं’ एवढंच. तारीख जुळली म्हणजे चाक त्या गाडीचं होऊ शकतं इतकंच कळतं. ते तिच्यावरच होतं याची शपथ ठसा घेत नाही. डिकीतलं जादा चाक मात्र जरूर बघ. गॅरेजवाल्यांचा हात त्याला सर्वांत कमी लागतो.

आणि मुख्य गोष्ट. चाकांवरून झेड/२८ सिद्ध होत नाही. पेनसिल्व्हेनियातल्या डॉन येंको या शेवरले डीलरने १९६९मध्ये ज्या खास कॅमारो मागवल्या, त्यांनाही १५ इंची रॅली चाकंच होती. १९६९च्या कॅमारोच्या चासी नंबरातून इंजिन सहा सिलिंडरचं की व्ही-८ एवढंच कळतं, झेड/२८ कळत नाही. इंजिनाचे ठसे, मागचा अॅक्सल, जुनी कागदपत्रं असतील तर ती, हे सगळं बघितल्याशिवाय झेड/२८ची किंमत मोजू नकोस. साध्या कॅमारोची किंमत लावून देत असेल, तर घे. रंग छान आहे.

माझ्या सासऱ्यांची १९७०ची शेवरले शेव्हेल एसएस आहे, त्यांनी स्वतः नवी घेतलेली. तिच्यावर क्रेगर कंपनीची चाकं आहेत. ते म्हणतात, शोरूममधून अशीच आली. गाड्यांच्या प्रदर्शनात एक गृहस्थ म्हणाले, अशक्य आहे. सासरे त्यांच्याशी भांडले आणि आता आठवडाभर घरात कुणाशी बोलत नाहीत. कोण बरोबर?
— ह्यूस्टन, टेक्सास

दोघंही. शांतता हवी असेल तर हा परिच्छेद सासऱ्यांना मोठ्याने वाचून दाखवा.

क्रेगर एस/एस हे चाक १९६४मध्ये आलं. मधला भाग अॅल्युमिनियमचा, रिम पोलादी आणि वरून क्रोम. शेवरलेच्या कारखान्यातून ते शेव्हेलवर बसून कधी निघालं नाही. १९७०ची शेव्हेल एसएस निघायची ती १४ बाय ७च्या पाच आऱ्यांच्या एसएस चाकांवर. प्रदर्शनातले गृहस्थ इथवर बरोबर. पण त्या काळी गाडी ताब्यात द्यायच्या आधी डीलर गिऱ्हाइकाच्या हौसेखातर बाजारातली चाकं चढवून द्यायचे. सासऱ्यांनी शोरूमच्या दारात गाडी पाहिली ती क्रेगरवरच. त्यांची आठवण खोटी नाही. गाडी कारखान्यातून निघाली त्या दिवशी काय होतं आणि तिच्या मालकाने तिला पहिल्यांदा पाहिलं त्या दिवशी काय होतं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘ओरिजिनल’ या शब्दात लोक दोन्ही कोंबतात आणि मग भांडतात.

खात्री करायची असेल तर एक नट काढून बघा. बरीचशी क्रेगर चाकं एकच साचा अनेक गाड्यांना चालावा अशी बनवलेली होती. त्यांची नटाची भोकं गोल नसून लांबट असतात आणि नटाखाली जाड वॉशर असतो, त्याचं भोक मधोमध नसून एका बाजूला सरकलेलं. कारखान्याच्या पोलादी चाकाला असलं काही नसतं. तिथे भोक गोल, कडेला निमुळतं, आणि नट थेट त्यात बसतो.

गाडीबरोबर आलेला बिल्ड शीट नावाचा कागद अजून तिच्यातच दडलेला असायची शक्यता आहे. शेवरलेमध्ये तो बऱ्याचदा पेट्रोलच्या टाकीच्या वर चिकटलेला सापडतो, कधी सीटच्या स्प्रिंगांत. टाकी उतरवायचा प्रसंग आला, तर मेकॅनिकला आधी सांगून ठेवा. नाहीतर तो कचरा समजून फेकतो.

माझा सल्ला विचाराल तर क्रेगर काढू नका. पहिल्याच मालकाने पहिल्याच दिवसापासून वापरलेली चाकं आहेत ती. एसएस चाकांचा संच कधी मिळाला तर गॅरेजमध्ये ठेवा, पुढच्या पिढीला भांडायला उपयोगी पडेल.

रॅली चाकांचा एक संच बघितला. टेपने एका भोकाच्या मध्यापासून एक भोक सोडून पुढच्या भोकाच्या मध्यापर्यंत मोजलं, बरोबर पावणेपाच इंच भरलं. शेव्हेलला पावणेपाचच लागतं ना? मग घेऊन टाकू?
— नेपरव्हिल, इलिनॉय

थांबा! पैसे दिले नसतील तर खिशात ठेवा.

हीच चूक मी स्वतः केली आहे, म्हणून तावातावाने लिहितोय. एका पावसाळी शनिवारी स्वॅप मीटमध्ये, म्हणजे जुन्या भागांच्या बाजारात, असाच संच मिळाला. टेप लावला, पावणेपाच. चारशे डॉलर मोजले, स्टेशन वॅगनच्या मागे भरून आणले. घरी जॅक लावला, चाक उचललं, ज्यावर नट बसतो तो पहिला स्टड भोकात गेला, समोरचे दोन टेकून बसले. चाक फिरवून दुसऱ्या भोकात, तरी तेच. अर्धा तास मी चाकाला दोष देत होतो. दोष शाळेतल्या भूमितीचा.

चाकाचं माप सांगतात ते सगळी भोकं ज्या वर्तुळावर असतात त्याच्या व्यासाचं. चार किंवा सहा भोकं असली की समोरासमोरच्या भोकांतलं अंतर मोजलं की झालं. पाच भोकांत कुणाच्याच बरोबर समोर कुणी नसतं. एक सोडून पुढच्या भोकापर्यंतचं अंतर व्यासाच्या सुमारे ९५ टक्के भरतं. आता गंमत बघा. व्यास ५ इंच असेल तर टेपवर दिसतं पावणेपाच. व्यास पावणेपाच असेल तर दिसतं साडेचार. पावणेपाच इंची वर्तुळ शेव्हेल, कॅमारो, कॉर्व्हेट, फायरबर्ड, जीटीओचं. ५ इंची वर्तुळ शेवरलेच्या १९७१पासूनच्या काही मोठ्या गाड्यांचं आणि अर्ध्या टनी पिकअपचं. त्या पिकअपवरही रॅली चाकं असायची आणि लांबून ती अगदी तशीच दिसतात. मी पिकअपची चाकं आणली होती. तुम्हीही तीच बघितलीत.

याउलटही फसगत होते. कॅमारोचं चाक असं मोजलं की साडेचार भरतं आणि माणूस म्हणतो, ‘हे तर मस्टँगचं,’ आणि सोडून देतो. मस्टँगचं आणि बहुतेक मोठ्या डॉज-प्लिमथचं वर्तुळ साडेचारचं असतं, पण व्यासात मोजलेलं.

सोपी युक्ती ही. शेजारशेजारची दोन भोकं घ्या. एकाच्या डाव्या कडेपासून दुसऱ्याच्या डाव्या कडेपर्यंत मिलिमीटरमध्ये मोजा, म्हणजे मध्य शोधायची भानगड नाही. ६७च्या आसपास आलं तर साडेचार, ७१ आलं तर पावणेपाच, ७५ आलं तर ५ इंच. हे तीन आकडे मी पाकिटात चिठ्ठीवर लिहून ठेवलेत. चारशे डॉलरची चिठ्ठी आहे ती.

१९७०च्या मस्टँग बॉस ३०२साठी मॅग्नम ५०० चाकं बघतोय. विकणारा १५ बाय ७ म्हणतो. मी मोजलं तर उंची १६ इंचांच्या वर आणि रुंदी जवळजवळ ८ भरते. फसवतोय का?
— फ्रीमाँट, कॅलिफोर्निया

नाही, तुम्ही काठापासून काठापर्यंत मोजलंत. चाकाचं माप टायरची कड आत जिथे बसते तिथलं सांगतात. त्याच्या बाहेर रिमचा काठ दोन्ही बाजूंना वर येतो, म्हणून रुंदी साधारण इंचभर जास्त भरते आणि उंचीही वाढते. तुमचं माप १५ बाय ७चंच आहे.

पण मॅग्नम ५००बद्दल सावध राहा, त्याला कारण वेगळं. हे आमच्या लॅन्सिंगच्या मोटर व्हील कॉर्पोरेशनचं अपत्य. पोलादी, पाच आऱ्यांचं. फोर्डने घेतलं, मर्क्युरीने घेतलं, डॉजने, प्लिमथने घेतलं. फोर्ड आणि डॉजचं वर्तुळ एकच, म्हणून ती एकमेकांवर चढतात. डॉज-प्लिमथवरची बरीचशी १४ बाय साडेपाचची होती. नुसत्या फोटोवरून मॅग्नम ५०० घेणं म्हणजे आवाजावरून मुलगी पसंत करणं. रुंदी मोजा आणि मागच्या कडेपासून चाक गाडीला टेकतं त्या पृष्ठभागापर्यंतची खोली मोजून आपल्या गाडीवरच्या चाकाशी ताडून बघा.

माझ्याकडे १९६९च्या मध्यावर आलेली प्लिमथ रोड रनर आहे, ४४० सिक्स बॅरल. चाकं अगदी साधी काळी, पोलादी, वर कॅपसुद्धा नाही. नुसते क्रोमचे नट. बायको म्हणते ट्रकची चाकं वाटतात. चांगली रॅली चाकं घालू का?
— कॅरी, नॉर्थ कॅरोलिना

वहिनींना माझा नमस्कार सांगा आणि चाकांना हात लावू नका.

ही गाडी अशीच निघाली. ४४० इंजिनावर तीन कार्ब्युरेटर, उचलून बाजूला ठेवायचं फायबरग्लासचं बॉनेट, आणि १५ बाय ६ची काळी चाकं, वर क्रोमचे नट, टोपी नाही. ड्रॅगच्या शर्यतीला जाणाऱ्याने नटांवर पाना टाकायचा आणि निघायचं, असा तो हिशेब. प्लिमथची ‘रॅली’ चाकं आली १९७०च्या मॉडेलला. तुमच्या गाडीवर ती घातली तर जाणकार माणूस दहा फुटांवरून मान हलवेल. मसल कारच्या दुनियेत सर्वांत भिकार दिसणारं चाक सर्वांत भारी गाडीवर असतं, हे पटायला मलाही काही वर्षं गेली.

एक जपून करायची गोष्ट. त्या काळच्या क्रायस्लरच्या गाड्यांना डाव्या बाजूच्या चाकांचे स्टड उलट्या आट्यांचे असायचे. स्टडच्या टोकावर ‘एल’ असतो. टायरवाल्या पोराला आधी सांगा. तो एअर गनने नेहमीच्या दिशेला सोडवायला जातो आणि स्टड मोडून ठेवतो.

याच पत्राखाली तुम्ही विचारलंय, की कार्लाइलच्या जुन्या गाड्यांच्या जत्रेत कुणी १९६९ची अॅल्युमिनियमच्या मध्यभागाची क्रायस्लर चाकं दाखवली, ती खरी असतील का. असतील किंवा नसतील. ती केल्सी-हेजने बनवलेली १४ बाय साडेपाचची होती. त्यांचे नट सैल होतात असं लक्षात आल्यावर क्रायस्लरने परत मागवली. म्हणूनच ती दुर्मिळ, म्हणूनच लोक त्यांच्यामागे लागतात. कपाटात ठेवायला घ्या. गाडीवर घालून हायवेवर जाऊ नका. कंपनीने काळजीपोटी परत घेतलेली वस्तू आपण हौसेपोटी का घालायची?

थोडक्यात विचारलेले प्रश्न, थोडक्यात उत्तरं

*१९६९च्या पाँटिअॅक जीटीओ जजला ट्रिम रिंग होती?* — नव्हती. रॅली टू चाकं, रिंगेविना. रिंग दिसली तर नंतर कुणीतरी नटवलीय.

*आठ नटांची पाँटिअॅक चाकं जीटीओवर यायची का?* — कारखान्यातून नाही. ती मोठ्या पाँटिअॅकसाठी होती, १९६८पर्यंत. त्यात ब्रेकचा ड्रमच चाकाचा भाग असतो, म्हणून नुसतं चाक बदलून भागत नाही.

*मधाच्या पोळ्यासारखं पाँटिअॅकचं चाक अॅल्युमिनियमचं आहे, असं शेजारी म्हणतो.* — मागून रिमला चुंबक लावून दाखवा. चिकटेल. १९७१च्या मॉडेलला आलेलं हे हनिकोंब चाक आतून पोलादी आहे. पुढची जाळी पॉलियुरेथेनची, पोलादावर ओतलेली. बिल पोर्टर या डिझायनरची कल्पना. उचललंत की वजनानेच कळेल. मी एकदा एका हाताने उचलायला गेलो होतो, पुढचं सांगत नाही.

*१९६७च्या कॉर्व्हेटची नटांनी बसणारी अॅल्युमिनियमची चाकं खरी कशी ओळखायची?* — आधी संशयाने. त्या वर्षी २२,९४० कॉर्व्हेट बनल्या आणि त्यांतल्या फक्त ७२० गाड्यांना ही चाकं लागली. प्रदर्शनात फिरलात तर वाटेल, निम्म्या गाड्यांना ती होती. नवीन बनवलेले संच भरपूर आहेत. हे चाक त्या मॉडेलचा जाणकार सोबत असल्याशिवाय घेऊ नका.

*१९६७च्या कॅमारोच्या रॅली चाकाच्या टोपीवर ‘डिस्क ब्रेक्स’ का लिहिलंय?* — त्या वर्षी ही चाकं डिस्क ब्रेकबरोबर यायची, म्हणून मिरवायला. टोपी मात्र पुरावा नव्हे. ती दोन मिनिटांत बदलते.

*मस्टँगचं स्टाइल्ड स्टील चाक १९६५चं की १९६७चं?* — आधीच्या दोन वर्षांत क्रोम काठापर्यंत जातं, वेगळी रिंग नाही. १९६७ला ट्रिम रिंग आली.

ठसा गंजात आणि रंगात बुजलाय. सँडब्लास्टिंग करून घेऊ का?
— एका बाईंचं पत्र, अॅन आर्बर, मिशिगन

आधी वाचा, मग ब्लास्टिंग. हे ठसे फार खोल नसतात. वाळूचा मारा आणि वर जाड पावडर कोटिंग झालं की आकडे कायमचे गेले. पुन्हा क्रोम करायला दिलं तर पॉलिशवाला आधी तेच घासून काढतो.

व्हॉल्व्हच्या भोकाच्या दोन्ही अंगांना चार-चार इंच रंग काढायचं औषध लावा आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडा. तारेचा ब्रश नको. मग आपण लहानपणी वहीच्या कागदाखाली नाणं ठेवून पेन्सिल घासायचो ना, तसंच करा. पातळ कागद ठेवा, पेन्सिल आडवी धरून हलक्या हाताने घासा. डोळ्यांना न दिसणारा आकडा कागदावर उमटतो. ३ आहे की ८ आहे यावर अडलात तर अंधारात टॉर्च अगदी आडवा धरून बघा. सावली पडते.

औषध लावलंच आहे तर नटांच्या भोकांभोवतीही लावा आणि तिथे केसासारखी बारीक चीर आहे का ते बघा. चीर असेल तर ठसा कितीही दुर्मिळ असो, ते चाक भिंतीवर टांगायचं. पेन्सिलीच्या घासाचा कागद मला पाठवा. तुम्ही पाठवलेल्या फोटोत मला पहिला ‘के’ आणि शेवटचा ७ तेवढे दिसतायत.